सरस वाळतो तोवर

पत्र: ताई, माझं वय 42. सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. घरात बायको, पाचवीतली मुलगी आणि माझी आई. दोन वर्षांपूर्वी सुतारकामाचा नाद लागला आणि आता आठवडाभर मी शनिवार कधी उजाडतोय याची वाट बघत असतो. ड्राय बाल्कनीत बाकडं टाकलंय. सकाळी तिथे शिरतो तो जेवायला हाका मारल्या की बाहेर येतो, जेवून परत आत. रविवारी जुन्या बाजारात चक्कर, मग पुन्हा काम. घरभर भुसा होतो. आईला दमा आहे, तिची ढास वाढलीय. खालच्यांनी आवाजाबद्दल सोसायटीत तक्रार केली. शाळा सुरू व्हायच्या आत मुलीला अभ्यासाचं टेबल करून देतो म्हणालो होतो. दिवाळी झाली, अजून नुसते चार पाय तयार आहेत. परवा बायको म्हणाली, "आम्ही लाकडाचे असतो तर बरं झालं असतं." मला उत्तर सुचलं नाही. दोन मित्र म्हणतात, धायरीत गाळा भाड्याने घेऊ. टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची गोल करवत, घ्यायचंही मनात आहे, म्हणजे कामं भराभर उरकतील. पण खरं विचारायचंय ते हे: हे दोन दिवस मला माझ्यासाठी हवेसे वाटतात, यात माझं चुकतंय का?
— स. प., पुणे

उत्तर:

प्रिय स. प.,

हवेसे वाटण्यात काहीही चूक नाही. हे आधी सांगते, कारण पुढे मी तुम्हाला बरंच काही सुनावणार आहे आणि त्यात हे वाक्य हरवायला नको. मी स्वतः गेली वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी रंधा हातात घेते. पात्याला नीट धार असली, सागाचे तंतू सरळ असले, की फळीवरून पातळ सलग छिलका गुंडाळत वर येतो. इतका पातळ, की त्यातून पलीकडचं बोट दिसतं. त्या पाच-दहा मिनिटांत डोक्यात दुसरं काही येत नाही. पाच दिवस स्क्रीनसमोर काढणाऱ्या माणसाला याची ओढ लागली, तर ती मला पोटापासून कळते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शनिवारी तुम्ही काय करता ते त्यात आहे, रविवारी काय करता तेही आहे. आईच्या ढासेचा उल्लेख आहे, खालच्यांच्या तक्रारीचा आहे. तुमच्या बायकोचा रविवार कसा जातो, त्याबद्दल एक ओळही नाही. भाजी कोण आणतं, आईंना डॉक्टरांकडे कोण नेतं, मुलीच्या शाळेतला प्रोजेक्ट कोण चिकटवून देतं, हे तुम्ही लिहिलं नाही. मला वाटतं, ते तुमच्या डोळ्यांसमोर आलंच नाही म्हणून लिहायचं राहिलं. त्या म्हणाल्या ते लाकडाबद्दल नव्हतं. तुम्ही दार लावून घेता त्याबद्दल होतं.

माझे वडील पोस्टात होते. आम्ही सांगलीला राहायचो. रविवारी पडवीत त्यांचं सुतारकाम चालायचं. तेव्हा फेविकॉल घरोघरी आलेला नव्हता, सरस असायचा. त्याचे खडे रात्रभर पाण्यात भिजवायचे, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर पातळ करायचा. तो वास मला अजून आठवतो, जनावराच्या कातड्याचा, उग्र. आईने त्यांच्याकडे एकच वस्तू मागितली होती: मिसळणाचा डबा, सात खणांचा, सरकत्या झाकणाचा. त्यांनी तो सुरू केला आणि मध्येच शेजारच्यांचा देव्हारा घेतला, मग कुणाचा पाळणा, मग स्वतःसाठी हत्यारांची पेटी. डब्याला तीन वर्षं लागली. तोवर आईने भांड्यांच्या दुकानातून स्टीलचा डबा आणला होता. लाकडी डबा अखेर झाला तेव्हा तिने तो हातात घेऊन सगळीकडून पाहिला, "छान झालाय" म्हणाली, आणि त्यात सुया-दोरे ठेवले. तो आता माझ्याकडे आहे. कोपऱ्यांच्या सांध्यांत भुसा आणि सरस कालवून भरलेल्या फटी आहेत, मी त्यांवरून बोट फिरवते. कामात खोट नव्हती. तो ज्या स्वयंपाकघरासाठी मागितला होता, तिथे मात्र त्याला जागा उरली नव्हती.

म्हणून तुमच्या मुलीच्या टेबलाचं मला इतकं लागतंय. ती पाचवीत आहे. अजून तीन वर्षांनी ती पलंगावर लोळून अभ्यास करायला लागेल.

वडिलांकडून मी हत्यारं शिकले, पण वेळ कसा बांधायचा ते मला लाकडानेच शिकवलं. सुतारकाम दिवसभर सलग करायचं कामच नाही. सांध्याला फेविकॉल लावून क्लॅम्प, म्हणजे तुकडे दाबून धरणारा शिकंजा, आवळलात की त्या वस्तूपुरतं तुमचं काम थांबलं. क्लॅम्प काही तासांनी काढता येतात, पण पुरता जोर यायला एक दिवस लागतो. पॉलिशचा हात मारला की तो सुकेपर्यंत तिथे धूळ उडवायची नाही. वखारीतून आणलेली फळीसुद्धा घरच्या हवेत आठ-दहा दिवस उभी ठेवून मग कापावी, म्हणजे जे काही वाकायचं ते आधीच वाकतं. लाकूड सारखं तुम्हाला सांगत असतं की आता बाजूला हो. हौशी माणसं ते ऐकत नाहीत. एका वस्तूचा सांधा वाळत असतो तेव्हा दुसरी वस्तू काढतात, दुसरी वाळत असते तेव्हा तिसरी. तुमच्या बाल्कनीत आत्ता किती अर्धवट कामं आहेत ते तुम्ही कळवलं नाहीत, पण चाराहून कमी नसावीत असा माझा अंदाज आहे.

एका वेळी एकच वस्तू काढा. सगळ्या पत्रातून एवढंच घेतलंत तरी तुमचा रविवार अर्धा मोकळा होईल, कारण सांधा वाळत असताना करायला दुसरं काही नसेल आणि तुम्ही बाहेर याल.

बैठक साडेतीन तासांची धरा. शनिवारी सकाळी आठ ते साडेअकरा. त्यातला शेवटचा अर्धा तास झाडलोटीचा, म्हणजे अकराला हत्यार खाली ठेवायचं. शेवटचं काम नेहमी चिकटवण्याचं ठेवा. साडेअकराला क्लॅम्प आवळलेला, बाकडं पुसलेलं, आणि तुम्ही आंघोळ करून बारा वाजता घरात. रविवारी सकाळी दोन तास, तेही एकाआड एक रविवारी. मधला रविवार बायकोचा. त्यांनी तो झोपून काढला तरी त्यांचा, मैत्रिणीकडे गेल्या तरी त्यांचा, आणि त्या दिवशी भाजीपासून आईंच्या औषधांपर्यंत सगळं तुम्ही बघायचं, "हे कुठे आहे, ते कुठे आहे" न विचारता. हे वेळापत्रक त्यांच्यासमोर बसून ठरवा. आणि साडेअकरा म्हणजे साडेअकरा. "एवढं एक भोक पाडतो आणि येतो" हे वाक्य घरातल्यांनी हजारदा ऐकलेलं असतं.

ते एक भोक मलाही एकदा महागात पडलंय. रविवारची रात्र, साडेनऊ वाजलेले, उद्या कामावर जायचं होतं. चौकटीचं एक कुसू, म्हणजे सांध्याचं पुढे आलेलं टोक, त्याच्या खाचेत बसत नव्हतं. तुकडा क्लॅम्पमध्ये धरायचा कंटाळा केला, डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने पटाशी दाबली. ती सटकली आणि डाव्या तळव्यात गेली. चार टाके पडले. अंगठ्याच्या बुडाशी अजून थंडीत ओढ बसते. पटाशीच्या तोंडासमोर दुसरा हात कधीही नको आणि दमल्यावर धारेचं हत्यार नको, हे मला आधीपासून पाठ होतं. दमलेल्या माणसाला पाठ असलेलं आठवत नाही.

आता धुळीबद्दल. इथे मी तुमची बाजू अजिबात घेणार नाही. लाकडाची धूळ म्हणजे नुसता घरातला पसारा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच ती माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली आहे. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षं त्यातच काम करणाऱ्या कारागिरांचा, हे खरं. पण दम्याच्या माणसाला इतकी वर्षं वाट बघावी लागत नाही. सागाची धूळ तर धडधाकट माणसाच्याही नाकाला आणि कातडीला झोंबते. जमिनीवर पडलेला जाड भुसा दिसतो, तो त्यातल्या त्यात निरुपद्रवी. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ काही तास हवेत तरंगते, आणि तुमची ड्राय बाल्कनी स्वयंपाकघराला लागून असणार, तिथेच कपडे वाळत असणार. तुमच्या आई ती धूळ श्वासातून घेताहेत आणि वाळलेल्या साडीवरूनही घेताहेत.

तेव्हा आजपासून घरात सँडर, म्हणजे पॉलिशपेपर फिरवणारं यंत्र, बंद. ग्राइंडर बंद. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, कापणं तर पूर्ण बंद, त्याची धूळ फार बारीक असते आणि त्यात फॉर्मल्डिहाइड या रसायनाचा सरस असतो. पॉलिशपेपरचं काम गच्चीवर किंवा पार्किंगच्या उघड्या कडेला, सोसायटीची लेखी परवानगी काढून, एन-95 मास्क लावून. घरात काय करायचं? रंधा, पटाशी, हातकरवत. रंध्याचे छिलके उडत नाहीत, पायाशी पडतात, गोळा करून पिशवीत भरता येतात. कोरडा झाडू फिरवू नका, त्याने खाली बसलेली धूळ पुन्हा उठते. ओल्या फडक्याने पुसा. आणि बाल्कनीतून आत येण्याआधी शर्ट तिथेच काढून ठेवा. महिनाभर हे करून बघा आणि आईंच्या खोकल्याबद्दल डॉक्टरांशी बोला. डॉक्टर नको म्हणाले तर घरातलं लाकूडकाम थांबलं, त्यात वाटाघाट नाही.

पॉलिशचंही तेच. थिनरवर चालणारं कोणतंही पॉलिश आई असलेल्या घरात नको. पाण्यावर चालणारं मिळतं, टेबलाला ते चांगलं. चपडा लाखेचं पॉलिश मला स्वतःला फार आवडतं, पण ते स्पिरिटमध्ये असतं. घरात देवापुढे निरांजन लागलेलं असताना त्याची बाटली उघडायची नाही. आणि जवसाचं तेल वापरत असाल तर त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेशी संयोग पावून वाळतं, त्यात उष्णता तयार होते, आणि बोळा करून टाकलेलं फडकं काडी न लावता आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी पसरून उघड्यावर वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते.

खालच्यांची तक्रार रास्त आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं विजेचं यंत्र, सुरू झाला की तो नव्वदीच्या पुढेच जातो. शिवाय हातोडीचा ठोका स्लॅबमधून थेट त्यांच्या छतात उतरतो. बाकड्याच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला, ठोकाठोक खाली पार्किंगमध्ये करा, आणि त्यांच्याकडे स्वतः जाऊन तुमची वेळ सांगून या. आवाज कधी थांबणार हे माहीत असलं की माणसं पुष्कळ सोसतात.

टेबल सॉ घेऊ नका. आठ फुटी शीट चिरायला पात्याच्या पुढे आठ फूट आणि मागे आठ फूट मोकळी जागा लागते, ती तुमच्या बाल्कनीत नाही. अडचणीच्या जागेत तुकडा पात्यात अडकला की तो उलटा अंगावर फेकला जातो. प्लायच्या बऱ्याच दुकानांत माप दिलं की शीट मशीनवर कापून मिळतं, वखारीत रंधा मारून मिळतो. त्यांच्याकडे भुसा उडू दे. नाहीतर तुमच्या भागातल्या एखाद्या सुतारमिस्त्रींना विचारा, तासाचे पैसे द्या आणि त्यांच्या कामाच्या वेळा पाळा. दोन तास त्यांच्याजवळ उभं राहून जे दिसेल, ते दोन वर्षांच्या व्हिडिओंत दिसलं नसेल. मिस्त्री खुणेसाठी पेन्सिल कशी धरतो, काटकोन बघायचा गुण्या कोणत्या कडेला टेकवतो, तेवढं बघितलंत तरी पुष्कळ.

गाळ्याचं वर्षभर मनातसुद्धा आणू नका. आत्ता तुम्ही हाक मारली की ऐकू येईल इतक्या अंतरावर आहात, तरी घरच्यांना दूर वाटता. धायरीत गेलात तर शनिवार-रविवार दोन्ही गेले. वर्षभर साडेअकराची वेळ पाळून दाखवलीत, तर बायकोशी बोलून मग ठरवा. धुळीच्या दृष्टीने गाळा बरा, हे मी नाकारत नाही.

जुना बाजार मलाही आवडतो. जुन्या पोलादाची पटाशी तिथे मिळते आणि दगडावर तास-दीड तास धार लावत बसलं की नवीहून सरस निघते. पण टेबल पुरं होईपर्यंत तिकडे जाऊ नका. आजवर हत्यारांवर किती खर्च झाला तो आकडा एका कागदावर मांडून बायकोला दाखवा, त्यांनी विचारायच्या आत. वाड्यांचं जुनं सागवान घेतलंय का तुम्ही? घेतलं असेल तर आधी लोहचुंबक फिरवा. आत तुटलेले खिळे असतात आणि एका खिळ्याने रंध्याच्या पात्याला खाच पडते.

धार लावायचं काम मात्र हॉलमध्ये करा, कुठल्याही वारी, रात्रीच्या जेवणानंतर. दगड, थोडं पाणी, खाली जुना टॉवेल. धूळ नाही, आवाज नाही, पंधरा मिनिटांचं काम. आईंशी गप्पा मारता मारता होतं. माझे वडील धार लावायला बसले की आई हमखास शेजारी येऊन बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. ते मान खाली घालून हं, हं करायचे, पण ऐकत असायचे.

आता टेबल. त्याला आत्ता हात लावू नका. आधी मुलीसाठी पाट करा.

सांगते का ते. दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचं टेबल केलंत तर दोन वर्षांत ती त्याला मोठी होईल. म्हणून टेबल मोठ्या माणसाच्या उंचीचंच करा, साधारण 29 इंच, खुर्ची वर-खाली होणारी घ्या, आणि तिचे पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवा. ती वाढेल तसा तो काढून घ्यायचा. टेबलाला पाच-सहा बैठका लागतील, पाट एका शनिवार-रविवारात होतो. तुमच्या घराने बऱ्याच दिवसांत तुमच्या हातून पुरी झालेली वस्तू पाहिलेली नाही.

सागाची इंचभर जाडीची फळी, 16 इंच लांब, 12 इंच रुंद. तेवढी रुंद एकसंध मिळाली नाही तर दोन जोडा, शनिवारी साडेअकराला चिकटवून सोडून द्या. रविवारी दोन्ही बाजूंनी रंधा, कडा थोड्या मारून घ्या म्हणजे पायाला लागणार नाहीत. खाली दोन पट्ट्या येतील, फळीच्या रुंदीच्या दिशेने. त्या फेविकॉलने पूर्ण चिकटवू नका. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. बारा इंचांत साधारण एखाद्या सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरक पडतो. पट्टी घट्ट चिकटवलीत तर फळीला ती हालचाल करता येत नाही आणि वैशाखात कधीतरी रात्री ती मधोमध तडकते. म्हणून प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू: मधला घट्ट, कडेच्या दोघांची भोकं पट्टीत लांबट पाडा, दोन सूत तरी, म्हणजे फळी सरकायला मोकळी राहील. हेच टेबलाच्या वरच्या फळीला, ती सागाची असली तर. प्लाय असेल तर ही काळजी नको. मात्र वरचं व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, मिलिमीटरहूनही पातळ असतं, पॉलिशपेपर जपून.

मुलीला शनिवारी नऊ ते दहा बाकड्यापाशी घ्या. गॉगल लावून द्या. पटाशी नको, पण गुण्या धरून पेन्सिलीची रेघ ती मारू शकते, क्लॅम्पचा स्क्रू ती फिरवू शकते. तिने मारलेली रेघ थोडी तिरकी आली तर तिच्यासमोर पुसू नका, गुण्या पुन्हा तिच्याच हातात द्या. एक तास झाला की तिला जाऊ द्या, कंटाळेपर्यंत थांबवू नका.

आणि बायकोला विचारा की त्यांना काय हवंय. टेबल झाल्यावर, त्याआधी नाही. पाटाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहायला विसरू नका. तिथे पॉलिश लावलं नाही तरी चालतं.